झीसिसचा मुलगा स्तेर्गिओस

कोझानी,
रविवार, २ मार्च २००३

प्रिय पोलिक्सेनीताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे, आणि डोकं सोडलं तर मीही. तुझं कानाचं यंत्र दुरुस्त झालं की नाही ते कळव. फोनवर ओरडून ओरडून आपल्या घरची खबर सगळ्या आळीला ऐकवायची माझी इच्छा नाही, म्हणून हे पत्र. आज उपवासांआधीचा मांसाचा शेवटचा रविवार. आईनं डुकराचं मटण आणि कोबी केलाय, आणि मी ते न जेवता लिहायला बसलोय. यावरून काय ते समज.

बाबांच्या कागदांचं काय झालं, असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस. सांगतो, पण आधी मला चार शिव्या देऊ दे.

यादवी युद्धातल्या बंडखोर फौजेचे जे कागद शिल्लक राहिले, ते थेस्सालोनिकीतल्या एका दफ्तरात आहेत. त्यासाठी मी किती हेलपाटे घातले ते विचारू नकोस. दफ्तर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची बंद, आणि खिडकीत क्लिओ नावाची बाई. पहिल्याच खेपेला म्हणाली, "हे कागद तुम्ही नेलेत."

"कुणी? मी?"

"झीसिसचा मुलगा स्तेर्गिओस ब्लेत्सास. तुम्हीच ना?"

"मीच. पण मी आज जन्मात पहिल्यांदा इथे पाय ठेवतोय, बाई."

"सगळे असंच म्हणतात. नकला हरवतात आणि मग आमच्या नावानं खडे फोडतात. एका अर्जदाराला एकदाच. घरी कपाटात बघा."

मी घरी येऊन खरंच कपाटात बघितलं, ताई! बायको म्हणाली, "काय शोधताय?" म्हटलं, "माझी अक्कल." पुढच्या खेपेला ओळखपत्र घेऊन गेलो, तर क्लिओबाई कशा गोड हसल्या! "वय झालं की होतं असं. माझे वडीलही विसरतात." मी चौपन्नाला टेकलोय, आणि ही मला म्हातारा ठरवून मोकळी. भांडून, वरच्या साहेबाला भेटून, पुन्हा भांडून काही उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

तू म्हणशील, एवढा जीव कशाला काढायचा? आईसाठी. तू तिकडे गेलीस, तुला रोजचं दिसत नाही. दर पितरांच्या शनिवारी आई देवळात द्यायची चिठ्ठी लिहिते. एका बाजूला जिवंतांची नावं, त्यांना आरोग्य मिळावं म्हणून, आणि दुसऱ्या बाजूला गेलेल्यांची. बाबा ग्रामोसच्या डोंगरात लढायला गेले तेव्हापासून तिनं त्यांना जिवंतांतच ठेवलंय. मागे एकदा माझा हात धरून म्हणाली, "मी मरायच्या आत एवढं शोधून दे. त्याला कुठे लिहू?"

शेवटच्या खेपेला माझा आवाज इतका चढला की क्लिओबाईंनी वैतागून तो जुना अर्जच माझ्यासमोर आपटला. "ही बघा तुमची सही!"

नाव स्तेर्गिओस ब्लेत्सास. वडील झीसिस. वडिलांचं गाव आपलंच. आईचं नाव ल्युबा. जन्म ताश्कंद, १९५५.

मला आधी वाटलं, दफ्तराचाच घोळ. मग कळलं आणि मी तिथल्या बाकावर बसलो. क्लिओबाईंनी पाणी आणून दिलं. वाईट नाही ती बाई. मग बाबांचे सगळे कागद काढून दिले.

बाबा डोंगरात मेले नव्हते, ताई. ते सरहद्दीपलीकडे गेले आणि तिथून ताश्कंदला. कारखान्यात कामाला होते. १९७९ मध्ये छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेला कागद आहे. पत्नी अगोरो, मृत. आपली आई! गाव जळलं तेव्हा कुणीतरी त्यांना तसं सांगितलं असणार. आपल्याला तर सैन्यानं आधीच कोझानीला आणून टाकलं होतं. त्यांनी दुसरं लग्न केलं, मुलगा झाला, आणि आपल्या रीतीप्रमाणे पहिल्या मुलाला आजोबांचं नाव दिलं. रीतीला पक्का माणूस. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती काय म्हणाली असेल? "म्हणजे त्यानं मला मारून टाकलं आणि मी त्याला जगवलं! इतकी वर्षं मी त्याच्या तब्येतीसाठी देवाचं डोकं खाल्लं, आणि फळ त्या ल्युबानं खाल्लं!" हसली, खोकली, आणि मग एकदम रडायलाच लागली. ल्युबावरून नाही. "चोवीस वर्षं तो मेलेला आहे रे, आणि मी त्याच्या नावानं एकदासुद्धा गहू उकडले नाहीत. उपाशी ठेवला मी त्याला." काल शनिवारी तिनं परातभर गहू उकडले, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे घातले, आणि बाबांना गेलेल्यांत लिहिलं. पाद्रीबाबांनी नाव वाचलं. एवढं एक काम तरी पार पडलं.

इथेच पत्र संपवायचा विचार होता. पण जमत नाही.

त्या कागदावर अपत्यांचीही ओळ आहे. तिथे लिहिलंय, एक मुलगी, पोलिक्सेनी, ठावठिकाणा नाही. बस. तू आहेस. मी नाही.

घरात एक स्तेर्गिओस आहे हे माहीत असतं, तर त्यांनी दुसऱ्याला तेच नाव दिलं असतं का? मी आईला विचारलं. तिनं नजर चुकवली नाही. "मी त्याला सांगितलंच नव्हतं. तिसरा महिना होता. सांगितलं असतं तर तो गेला नसता, आणि राहिला असता तर सैन्यानं त्याला आठ दिवसांत भिंतीशी उभा करून गोळ्या घातल्या असत्या. ओकारी आली की पोलिक्सेनी बादली धरायची. तिलाही दम दिला होता, बाबांना बोलायचं नाही."

तू सहा वर्षांची होतीस. गप्प बसलीस म्हणून ते जगले, हे मला कळतं. तुला दोष देत नाही. देतो, थोडा देतो. खोटं कशाला लिहू? कारण लहानपणी मी रोज विचारायचो, बाबांना मी माहीत होतो का. आणि तू रोज सांगायचीस की निघताना त्यांनी आईच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, मुलगा झाला तर स्तेर्गिओस. शाळेत पोरं मला बंडखोराचं पिल्लू म्हणायची, तेव्हा मी त्या हातावर तग धरून राहिलो. माझ्या मुलांनाही मी हेच सांगितलंय.

रागानं चार पत्रं लिहून फाडली. या पाचव्यात फक्त मागणं आहे. ते खरं होतं का, हे मला लिहू नकोस. ती गोष्ट पुन्हा एकदा, पहिल्यापासून, त्यांनी कुठला कोट घातला होता इथपासून, नीट सावकाश लिहून पाठव.

तुझा धाकटा,
पहिला स्तेर्गिओस