हिरवा खण

झाशी, २ फेब्रुवारी

वन्सं,

काल फोनवर विचारलंत, "वहिनी, आई शेवटी माझ्याविषयी काय बोलली?" मी म्हटलं, तुमचंच नाव घेत गेल्या. खोटं बोलले. खरं इथे लिहिते, पण पोस्टात टाकणार नाही.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही चार दिवस राहिलात. किल्ला, ओरछा, सदर बाजार. आईंच्या खोलीत सगळी मिळून दहा मिनिटं. निघायच्या दिवशी त्या पहाटेच न्हाऊन बसल्या. स्वतः विधवा, म्हणून तुमची ओटी माझ्या हातून भरवायची होती. त्यासाठी हिरवा खण दिवाळीपासून उशाशी जपला होता. सात वर्षं मी त्यांचं सगळं केलं, मला कधी खण मिळाला नाही.

तुम्ही बाजारातूनच परस्पर स्टेशनवर गेलात. दारात नुसता ऑटोवाला आला, "भाभीजी, बैग दे दो."

"इंदूनं ओटी घेतली का गं?" आईंनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "नको म्हणाल्या."

त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. आठवड्यात गेल्या.

तेराव्याला मी त्याच खणाचं पोलकं घातलं होतं. रडता रडता बाहीला हात लावून तुम्ही म्हणालात, "वहिनी, रंग किती छान! कुठून घेतलंत?"

"सदर बाजारातून," मी म्हटलं.

तुमची वहिनी,
अनुसूया