बोर्डापाशी राखण

मंगळवार, दिवेलागणीला

नात रेणूच्या लॅपटॉपात विंडोज अन् लिनक्स अशा दोन सिस्टिमा शेजारी नांदतात. लिनक्सला जागा पुरंना, म्हणून विंडोजची थोडी काढून तिकडं द्यायची होती. विंडोजकडं माझ्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या हायत. म्या म्हणलं, "बांध सरकवायच्या आधी रास घरात आण." तिनं ओव्या पेनड्राईव्हवर उतरवल्या.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायरीवरच चालायचा. मधीच वायर निघाली तर सगळं बिघडंल म्हणली. मग बोर्डापाशी मीच बसले. सून मिक्सर घेऊन आली, ती वायर काढून तो लावाया. म्या म्हणलं, "पाट्यावर वाट, हात झिजत न्हाईत." गेली फणकाऱ्यानं. वायरीवरची नजर काय हलवली न्हाय. भ्याले होते का? व्हय, जराशी.

झालं. दोन्ही चालू झाले, ओव्याबी जागेवर. लावून बघितली ती नेमकी सासूला शिव्या घालणारी निघाली. आतून सून म्हणली, "अत्या, तीच परत लावा."