टेपची राखण

९ नोव्हें., सोमवार
म्हापशाहून केरीला जाणारी शेवटची बस आज पुन्हा चुकली. कारण तेच. मी कामाला आहे त्या डिचोलीच्या दुकानातल्या सगळ्या मालाची नोंद, ट्रकच्या नटबोल्टापासून टायरपर्यंत, आता कॉम्प्युटरात. शटर ओढलं की त्याची टेपवर नक्कल घ्यायची. अर्ध्यातच टेप भरते आणि पडद्यावर हुकूम येतो, दुसरी घाला. तो हुकूम पाळायला मी बसलेली. मग पेडण्यापर्यंत मिळेल ती बस, पुढे कुणाच्या तरी टेम्पोत.
आई दारातच. "इलंस गो? उशीर कित्याक झालो?" तिला आता माणूस सावलीसारखाच दिसतो. तरी चूल पेटवून पेज केलेली. मनगट भाजलंय, ते पदराखाली लपवलं होतं.

११ नोव्हें., बुधवार
शिरगावच्या शाखेतला कॉम्प्युटर गेला. टेप लावली तर वाचेचना. खाणीची लाल धूळ आत जाऊन फीत खरवडली गेलेली. पावसाळ्यानंतरच्या मालाची सगळी नोंद गेली. शेठ दिवसभर कपाळाला हात लावून.
मला वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर मनात एक आशाही टुणकन उठली. आता तरी टेपचं चांगलं मशीन घेतील.

१७ नोव्हें., मंगळवार
पणजीहून विक्रेता आला. दोन मशीनं दाखवली. लहान, म्हणजे आहे तसंच, टेप हातानं बदलायची. मोठ्याच्या पोटात टेपांची चळत असते, एक भरली की आपली आपण दुसरी घेतं. "माणूस लागत नाही," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. दर वेळी मान मी हलवत होते, शेठ नाही.
शेठ म्हणाले, "सुनंदाबाय आसा न्हय? टेप बदलपाक आनीक मशीन कित्याक?"
म्हणजे स्वयंचलित यंत्र मीच. घेऊनही झालेलं.
विक्रेता गेल्यावर धीर करून आईच्या डोळ्यांचं सांगितलं, चुलीचं सांगितलं, बसचं सांगितलं. शेठ वाईट नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवाक विचारूया."

२३ नोव्हें., सोमवार
शेठच्या गावच्या देवळात. मलाही नेलं. इथे घर बांधण्यापासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळं प्रसाद लावून, देवाचा कौल घेऊन ठरतं, मग टेपचं का नको. गुरवानं पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, व्हडलें मशीन घेवचें जाल्यार उजवो दी, ल्हान जाल्यार डावो."
सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. मी टक लावून बघत होते. काही हलेचना. आणि उजवी पाकळी गळाली.
मला रडू आलं. शेठना वाटलं, भक्तीनं.
आई ऐकून म्हणाली, "देव पावलो गो."

२ डिसें., बुधवार
मशीन आलं. हळदकुंकू, हार, नारळ. शेठ अक्षता त्याच्या तोंडातच टाकणार होते, विक्रेता ओरडला म्हणून वाचलं. शटर ओढलं, मशीन सुरू झालं, मी पर्स उचलली.
"खंय वता गो?"
"घरी. आता ते आपलं आपण करतं ना."
शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "देवान दिल्लें मशीन. हांगा धुल्ल, लायट वता-येता. एकलेंच कशें सोडप? राखण कोण करतलो?"
पर्स पुन्हा खुंटीला.

८ डिसें., मंगळवार
मशीन फार हुशार. टेप भरली की आत करकरतं आणि दुसरी घेतं. मी समोर स्टुलावर. पूर्वी निदान टेप बदलत तरी होते. आज धूळ पुसायला फडकं घेतलं, तर धूळही नव्हती. रागानं तसंच पुसत बसले. बस गेली.
आईच्या पदराची कड आज काळी, चरचरीत. कशानं, ते विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, वासच येत होता.
मला भीती वाटते. फार भीती वाटते. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि धरली तर

१३ डिसें., रविवार
काल शेठशी पुन्हा बोलले. जळका पदर सांगितला. ते हळहळले, खोटं नाही. म्हणाले, सोमवारी परत प्रसाद लावूया. देवानं सांगितलं तर खुशाल लवकर जा.
"विचारणार काय?"
"मशीन एकलें सोडल्यार धोको आसा जाल्यार उजवो दी."
म्हटलं, तसं नका विचारू. माझ्या आईला एकटी सोडली तर धोका आहे का, असं विचारा.
शेठ खरंच विचारात पडले. मग हळू आवाजात म्हणाले, "तें तुज्या गांवच्या देवाक विचारपाचें गो. हो म्हज्या गांवचो."
केरीच्या देवानं उजवा दिला तरी डिचोलीत तो कोण मानणार?
उद्याचं आईला सांगितलं. म्हटलं, मी येईपर्यंत चूल पेटवायची नाही, घे शपथ.
"बरा. पण उद्या उजेडात येतलंस मां?"
सगळं त्या पाकळीवर, आणि उद्या मला ती डावी पडायला हवी आहे.
चुलीजवळची काडेपेटी मी पर्समध्ये टाकली आहे. आई मघापासून ओट्यावर हातानं तीच चाचपते आहे.