एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

१५ जानेवारी २०२४
उद्यापासून वाहनांची मोजणी. आणि नेमकी आमच्याच गावच्या फाट्यावर! सातपुड्यात वर काळ्या दगडाची खाण निघालीय, तिच्यासाठी सरकार रस्ता बांधणार. आमच्या गावातून न्यायचा की जंगलाच्या कडेने, ते रहदारी बघून ठरेल. अमळनेरहून निघताना साहेब म्हणाले, "एका वाहनाला एकच रेघ. गाव तुमचं आहे म्हणून जास्त रेघा ओढू नका."

कशाला ओढीन? पण गाव चाळीस वर्षं चिखल तुडवतंय.

जेवताना आबांना सहज सांगितलं — सहज कसलं, मुद्दामच — की आमच्या खात्याच्या गणितात एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. हळू चालते, वाट अडवते म्हणून. आबांचा घास हातातच राहिला. "मंग चिंता कसानी? गाड्या तं शेतसच आपलाकडे." घरोघरी गाड्या आहेतच.

१७ जानेवारी
सकाळपासून रिकाम्या गाड्या. फाट्यापर्यंत यायचं, वळायचं, पुन्हा यायचं. शेजारची कुंदाअक्का नवी साडी नेसून गाडीत बसलेली. पाचव्या फेरीला ओरडली, "माले मोजं का, बेटा?" मोजलं. सगळ्यांना मोजलं. खोटं आहे हे कळतंय. पण आई गेल्यापासून आबांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

२ सप्टेंबर
रस्ता मंजूर. गावातूनच! मी पेढे घेऊन घरी गेले.

१९ फेब्रुवारी २०२५
नकाशा आला. रहदारी भरपूर, म्हणून रुंदी दुप्पट धरलीय. त्या रुंदीत आमची विहीर जाते. आई-आबांनी दोघांनी मिळून खणलेली. वैशाखात अर्धं गाव तिथेच पाणी भरतं.

साहेब खुशीत होते. "तुमच्या मोजणीने काम सोपं झालं." मोजणी खोटी होती, एवढंच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं. मग नोकरी आठवली. भित्री आहे मी. दुसरं काही नाही.

३ मे
विहीर बुजवली. खाणीतलाच दगड. शेवटचा डंपर रिकामा होईपर्यंत आबा उन्हात उभे होते. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. म्हणाले, "तुना एकलीना दोष नही. गाड्या बठ्ठासन्या व्हत्यात." सगळ्यांच्या होत्या, म्हणे. मग — "रस्ता पाहिजे व्हता, रस्ता उना."

रस्ता आला, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ मे
भरपाईतून बोअर घेतली. तीनशे फूट. नुसती धूळ.

२ जून
फोन केला तर आबा फक्त बैलांचं सांगतात. एका हंड्यात दोघांचं कसं भागवायचं. स्वतःचं काही नाही.

१६ जानेवारी २०२६
पुन्हा मोजणी, त्याच फाट्यावर. खुर्ची टाकायची जागाही तीच. संध्याकाळपर्यंत डंपर दोनशे अठरा. नाकातोंडात धूळ.

बैलगाडी एक. आमची. गाडीत खाट, हंडे, आईची पेटी. आबा तापीकाठी आत्याच्या गावी निघाले होते, कायमचे. मला कळवलं नव्हतं. बैल थांबवून आबा म्हणाले, "माले मोजी ले, बेटा."

एक रेघ ओढली.