लोणारच्या देवीची ओटी

माय, आता वाशीमहून लोणारच्या वाटेला मोटार जाते. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही म्हणून ती कोळशावर चालवतात, आणि चढ आला की उतारूंनाच खाली उतरवून ढकलायला लावतात. मी शिकवते त्या शाळेतल्या एक बाई सुट्टीत जाऊन आल्या आणि किती थोडक्यात सगळं उरकलं ते आठवडाभर ऐकवत होत्या. आपण दोघी त्याहून स्वस्तात गेलो होतो. तुझ्याबद्दल बोलायचं म्हटलं की माझ्या आत काही हलत नाही. बधिर झालेला पाय चिमटा काढून पाहावा, तसं मी स्वतःला पाहते. रडू येत नाही.

कापसाच्या दिवसांत रिसोडकडच्या गाड्या वाशीमच्या जिनिंगला भरून यायच्या आणि रिकाम्या परत जायच्या. बाबा तिथं कापूस तोलून घ्यायचे, त्यामुळे गाडीवान त्यांच्या ओळखीचे. आजीनं, म्हणजे तुझ्या सासूनं, तू भाकरी थापत असताना सांगून टाकलं होतं: माझ्या पाठची तुझी दोन्ही लेकरं गेली, आता लोणारच्या कमळजादेवीची ओटी भरायची आणि मुलगा मागायचा. पुढच्या कापसापर्यंत काही झालं नाही तर बाबांचं दुसरं लग्न. बाबा ओसरीवर होते, त्यांना ऐकू गेलं असणार. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मला मात्र म्हणालीस, "लोनार पाहाले जाऊन राह्यलो आपन." मी दोन्ही ऐकलं होतं आणि मला दोन्ही खरं वाटलं.

म्हातारा मुसलमान गाडीवान होता. "बसा बाई, गाडी खालीच जाऊन राह्यली. खाली गाडीचं भाडं कायले?" म्हणाला. फळ्यांच्या फटींत कापूस अडकलेला, तो तू वाटभर वेचत राहिलीस आणि वाती वळत राहिलीस. रिसोडला देवळाच्या ओवरीत उतरलो, घरून आणलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि पुढं दुसरी रिकामी गाडी मिळाली. तू गाणं म्हणत होतीस. घरी तू कधी गायली नाहीस.

आणि मग आपण त्या काठावर उभ्या आहोत. जमीन एकदम संपते आणि खूप खाली हिरवं, जाड पाणी. तू पदर सावरायचं विसरतेस. "अवं बाप्पा," एवढंच म्हणतेस. उतरताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो, मी नाक धरते, तू धरत नाहीस. काठाला माणसं चिखलातून खार काढत आहेत, पांढरे ढीग घातले आहेत. देवळाजवळच्या विहिरीवर खार काढणारी एक बाई पाणी पिते आहे. ती सांगते, ही सासू-सुनेची विहीर, एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्याचं खारं. तू विचारतेस, "खारं कोनाचं?" ती म्हणते, "सासूचं. सासवा इथं आल्या का उलटं सांगतेत." तुम्ही दोघी इतक्या हसलात, की मला तुझी पडलेली दाढ दिसली.

तू देवळात जाऊन नमस्कार केलास आणि ओटी तशीच घेऊन बाहेर आलीस. खण त्या बाईला दिलास. तिच्या तळव्यांना खारानं भेगा पडल्या होत्या, तिनं तो बोटांच्या टोकांनी धरला. मग विहिरीच्या दगडावर नारळ फोडलास आणि आपण तिघींनी खाल्ला. मी घाबरून म्हटलं, "माय, देवीचा हाय ना तो?" तू म्हणालीस, "खाय वं. मले काही मागाचं नाही. तू हायेस, अन् हे पाह्यलं. झालं माहं." त्या बाईनं निघताना पापडाला म्हणून खाराचा खडा दिला.

घरी आजीनं विचारलं, "भरली का ओटी?" तू म्हणालीस, "भरली." त्या वर्षीचे पापड छान फुलले, आजीनं दोनदा तसं म्हटलं. पुढचा कापूस आला आणि त्याच्या मागोमाग धाकटी माय आली. पाटा-वरवंटा कुठं असतो ते तूच तिला दाखवलंस. तिला मुलगा झाला तेव्हा बारशाच्या घुगऱ्या तूच शिजवल्यास. तू मागच्या खोलीत राहायला लागलीस, आणि माझ्या लग्नाआधी तापात गेलीस. लोणारचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस.

भाऊ चांगला आहे. दर भाऊबीजेला येतो, माझ्या हातचं पोटभर जेवतो, तुला तो अजून मोठी माय म्हणतो. तो हसतो तेव्हा मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की मी उठून आत जाते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतं आहे. तू दगडावर नारळ फोडत होतीस, तेव्हा मी पुन्हा देवळात गेले होते. मायला मुलगा दे असं देवीला सांगायचं मला सुचलं नाही. मी म्हणाले, मला भाऊ दे.