बुवाचा उपास

८ नोव्हेंबर, शनिवार
भेटली एकदाची खोली! आठ दिवस जालन्यात वणवण केली. कुणी म्हणे एकटी बाई नको, कुणी आडनाव ऐकून कळवतो म्हणे. इथले घरमालक जगन्नाथकाकांनी एकच विचारलं, मटण-मासळी खाता का? मी धडधडीत ठोकून दिलं की आम्ही माळकरी. वाटूरला बापाची तीस मेंढरं, दर रविवारी घरात रस्सा, अन् मी माळकरी! जाऊ दे. कृषी कार्यालयातली नोकरी करायची तर डोक्यावर छप्पर पायजे.

हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे, त्यांच्या मुलानं, वरदनं पुण्याहून आणलेली. जिवंत प्रवाळ, सात निळे मासे, दोन झिंगे अन् वीतभर लांबीचा, रॅस जातीचा एक मासा. केशरी अंग, कपाळावर गंधासारखा पांढरा पट्टा, म्हणून काका त्याला बुवा म्हणतात. त्याला कणकेच्या गोळ्या. काका म्हणाले, या घरात राहील तो शाकाहारीच. उमाकाकू हसल्या, मी बी हसले.

१५ नोव्हेंबर, एकादशी
आज बुवाला बी उपास! काकांनी पाण्यात राजगिरा भुरभुरला. त्यानं ढुंकून पाहिलं न्हाई. दुपारी दोघं कीर्तनाला गेल्ते, तेव्हा बुवानं एक झिंगा धरला अन् दगडावर आपटून आपटून फोडून खाल्ला. मोबाईलवर वाचलं, ही जातच शिकारी. झिंगे, गोगलगाई, बारके मासे, सगळं खाते. संध्याकाळी काकूंजवळ विषय काढला, तर म्हणाल्या एकादशीला असलं अभद्र बोलू नको, अन् तुला गं काय ठाऊक? मी मोबाईल पाठीमागं लपवला. चोराच्या मनात चांदणं.

१९ नोव्हेंबर
भुकेल्या जिवाची दया आली. पावडरच्या डबीत लपवून कलेजी आणली. वाळूवर तुकडा पडला तर दिसेल, म्हणून चिमटीत धरून बोटं पाण्यात घातली. बुवानं अलगद घेतला. वळून बघते तर दारात सुगंधाबाई, घरकामाची. ती परतूरकडची, बापाला ओळखते. माझं सोंग तिला पहिल्याच दिवशी कळल्तं. म्हणाली, पोटासाठी माणसाला काय काय बोलावं लागतं माय, म्या न्हाई सांगत. लाज वाटली, पण जीव भांड्यात पडला.

२४ नोव्हेंबर
सात निळ्या माशांतले दोनच उरले. काकूंनी सुगंधाबाईवर आळ घेतला. तुमच्यात खातात ना, नेले असशील पदरात बांधून, म्हणाल्या. मी तिथंच पोहे खाऊन राह्यले होते; बुवाचं नाव घेतलं तर माझी कलेजी बी निघाली असती. घास अडकला न्हाई की पाणी प्यावं लागलं न्हाई. थू माझ्यावर.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
सुगंधाबाई खंडोबाचा भंडारा घेऊन आली. मुठीत उचलून म्हणाली, म्या मासा नेला असल तर देव माझं वाटोळं करो. मंग म्हणाली, रेणूताई सुट्टीला दुपारची घरात असती, तिला इचारा. तिनं माझ्या तळहातावर भंडारा ठेवला. काका बघून राह्यले होते. मी म्हणाले, मला काही माहीत न्हाई.

भंडारा हातात धरून म्हणाले! आमच्यात जीव गेला तरी खोटा भंडारा कुणी उचलत न्हाई.

तिला काढून टाकलं. जाताना शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर
तळहात पिवळाच. साबण, लिंबू, रॉकेल, काही उपयोग न्हाई. मी जिकडं बसते तिकडं बुवा काचेला तोंड लावतो. वीतभर होता, आता हातभर झालाय. काका म्हणतात, कणीक मानवली.

२९ नोव्हेंबर
वाळूत निळ्या माशांचे काटे दिसले. खोल पुरले. बाजारातून आले तर बुवानं दगड सरकवून सगळे उकरलेले, बराबर काकांच्या खुर्चीसमोर. पुन्हा पुरले. चहा घेईपर्यंत पुन्हा वर—

३० नोव्हेंबर
बुवानं कलेजी थुंकून टाकली. बोटच पायजे त्याला. नखाजवळचा लचका नेला. काकूंना सांगितलं, विळी लागली. आणखी एक खोटं.
सुगंधाबाईचे पाय धरते. उद्या. काकांना बी सांगते. उद्या नक्की—

१ डिसेंबर, एकादशी
डाव्या हातानं लिहून राह्यले. टाकीजवळच.
काटे पुन्हा वर आल्ते. काकांची पोथी संपेपर्यंत तो गप बसावा म्हणून मूठभर कलेजी— मूठच धरली त्यानं. सुटत न्हाई. मनगटापर्यंत आत—

काका दहा पावलांवर. एक हाक मारली तर धावत येतील.
पण मंग मूठ उघडावी लागेल. आज, एकादशीला. मुठीत काय आहे ते बघतील, मंग सुगंधाबाईचं—
न्हाई. ओरडायचं न्हाई.

दोन बोटं गेली वाटतं. पाणी लाल. ओढणी टाकली टाकीवर—
काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, भगर वाढली, ये. हात धुऊन आलेच म्हणाले. आवाज बिलकुल हलला न्हाई—

सोडलं. सोडलं त्यानं. वर येऊन राह्यलाय, ओढणी उचलून, डाव्या हाताक—