सगळ्यांत मागची गाडी

आई, तुझी सहलीतली शिट्टी माझ्याकडे आहे. मोटरसायकलच्या जॅकेटच्या आतल्या खिशात असते. हेल्मेट घातल्यावर ती कुणाला ऐकू जात नाही, म्हणजे उपयोग शून्य, पण ती नसली की माझा पाय घरातून निघत नाही. तू गेलीस तेव्हा मी जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, जेमतेम रुळत होतो. मी इथे मोटरसायकल घेतली हे तुला कळलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. "मोटारीच्या कारखान्यात नोकरी आणि फिरणार दोन चाकांवर! शहाणाच आहेस."

तेव्हा युरो नवाकोरा होता आणि फोनमध्ये नकाशे नव्हते. आम्ही चौघे मराठी इंजिनियर सेकंडहँड मोटरसायकली घेऊन रविवारी ओडेनवाल्डच्या डोंगरात जायचो. रस्ता कुठला, पेट्रोल कुठे भरायचं, कॉफीला कुठे थांबायचं, हे सगळं ठरवणारा मी, आणि सगळ्यांत मागे चालणाराही मीच. इतरांना त्याचं हसू यायचं. पण मी तुझ्या शाळेत वाढलेला. सहलीत तू कायम शेवटी असायचीस. एकदा मी रांग सोडून पुढे पळालो तेव्हा सगळ्या वर्गासमोर माझा कान पिरगाळून म्हणालीस, "पुढे जायला अक्कल लागत नाही. मागे कोण राहिलं ते बघायला लागते." बाईंचा मुलगा असण्याचे तोटेच फार होते.

अशाच एका रविवारी आमच्यातला सगळ्यांत नवा गडी माझ्यापुढे आहे. ब्राउनश्वाइगला डॉक्टरेट करून तो आमच्या गावात नोकरीला आलेला, आणि मोटरसायकलचं लायसन्स अगदी ताजं. कॉफी पिताना मी त्याला सांगितलंय, "तुझ्या स्पीडने चल. मी मागे आहे." उतारावर एक वळण येतं, वळणातच तो घाबरून ब्रेक दाबतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची गाडी आडवी होते. नडगीचं हाड मोडलं. अँब्युलन्स आली, पोलीस आला. तरुण होता, सभ्य होता. काय झालं एवढंच त्याने विचारलं आणि मी सांगून मोकळा झालो, "जबाबदार मी आहे. मीच सगळ्यांना इथे आणलं."

"तुमची गाडी त्याच्या गाडीला लागली का?"

"नाही."

"मग?"

मग काय, ते मला जर्मनमध्ये सांगता येईना. त्याने माझं वाक्य मात्र लिहून घेतलं.

मला सांगायची होती ती कोयनेची सहल. बागेच्या पायऱ्यांवरून एक मुलगी घसरली, मनगट मोडलं. तिथल्याच डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. संध्याकाळी गाडी शाळेशी परत आली आणि तू एका हाताला तिला, दुसऱ्या हाताला मला धरून तिच्या घराकडे निघालीस. आपलं घर वाटेतच होतं, पण तू मला सोडलं नाहीस. तुझा हात ओला लागत होता. मुलांची हात-तोंडं धुऊन दिली असशील असं मला वाटलं. त्या घरात मुलीची आई भाकऱ्या थापत होती. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझ्या भरवशावर पाठवलीत, आणि मी हात मोडून आणली." त्या बाईने आधी तव्यावरची भाकरी उतरवली. मग मुलीला जवळ घेतलं, तिचं प्लास्टर चाचपून पाहिलं आणि तुला म्हणाली, "बसा बाई. गरम भाकरी आहे." परतताना मी तुझ्यावर चिडलो होतो. ती स्वतः घसरली, तू कशाला स्वतःकडे घेतलंस? तू म्हणालीस, "चूक कुणाची ते मागाहून बघतील. आधी कुणीतरी दारात जावं लागतं."

इथे दारात जाण्याआधीच पत्र आलं. मित्राच्या ऑपरेशनचा खर्च करणारी त्याची क्रांकेनकासे, म्हणजे आजारपणाचा विमा बघणारी संस्था, विचारत होती की या अपघातात माझा हात किती. पोलिसांच्या कागदात माझं वाक्य होतंच. माझी तर पाचावर धारण बसली. सगळा खर्च माझ्यावर आला तर? इथलं बस्तान गुंडाळावं लागलं तर? मी एका वकीलबाईंना गाठलं. बेकरीच्या वर ऑफिस, पांढरे केस, आवाज थेट तुमच्या हेडबाईंचा.

"आल्झो, हे बघा," त्या म्हणाल्या, "मित्रांनी मिळून फिरायला जायचं, तर ज्याची गाडी त्याचा धोका. रस्ता ठरवला म्हणून कुणी देणेकरी होत नाही. तुम्ही पैसे घेऊन नेलंत का? त्याला घाई केलीत का? नाही ना? मग हे वाक्य तुम्हाला शिकवलं कुणी?"

"आईने," मी म्हणालो.

त्या हसल्या, पण ताकीद दिलीच. प्रकरण मिटेपर्यंत मित्राच्या घरी जाऊ नका, आणि 'जबाबदार मी' हे तर झोपेतसुद्धा बोलू नका.

मी चार-पाच दिवस कळ काढली. पण तिकडे तो पाय वर बांधून पडलेला, त्याची बायको तान्ह्या बाळासह एकटी. शेवटी एका शनिवारी वरणभाताचा डबा घेऊन निघालो. माझी बायको म्हणाली, "मी येऊ का?" तिला नको म्हटलं. लेकीला मात्र घेतलं, सहा वर्षांची होती. जिना चढताना तिने हात सोडवून घेतला, फ्रॉकला पुसला आणि विचारलं, "पापा, वारुम इस्ट डाइने हांट सो नास?" तुझा हात इतका ओला का?

वहिनींनी दार उघडलं. "आलात भाऊजी? तुमच्या भरवशावर पाठवलं होतं मी." वकीलबाईंचं सगळं शहाणपण जिन्यातच राहिलं. मी म्हणालो, "हो वहिनी. मीच नेलं होतं." आतून पलंगावरून मित्र ओरडला, "अगं, तो माझ्या मागे होता, पुढे नव्हता! माझा मी पडलोय." वहिनींनी डोळे पुसले आणि कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर आपटला. "मग या कासेला तुम्हीच उत्तर लिहा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

आणि आई, मी लिहिलं गं! त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, एका हाताने बाळाचा पाळणा हलवत. तो मराठीत सांगत होता, "घाबरून ब्रेक दाबला, कुणी घाई केली नव्हती," आणि मी ते जर्मनमध्ये उतरवत होतो. खाली त्याची सही. वकीलबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "ज्याच्यावर आळ, त्यानेच साक्ष लिहिली? स्वतःच्या हस्ताक्षरात?" ते पत्र त्यांनी जाऊ दिलं नाही. आपली कारकून त्या घरी पाठवून मित्राचं म्हणणं नव्याने लिहून घेतलं. पुढे कासेने विषय सोडला. हल्ली निघण्यापूर्वी आम्ही वकीलबाईंनी करून दिलेल्या कागदावर गाडीच्या टाकीवर ठेवून सह्या करतो, ज्याची गाडी त्याचा धोका. सही झाली की मी जाऊन सगळ्यांत मागे उभा राहतो. मित्रही येतो, जरा लंगडतो, वळणावर आमच्यापेक्षा हळू असतो. त्याच्या मागे असतो मी.

लेक आता मोठी झाली आहे. परवा तिने विचारलं, त्या काकूंकडे मला का नेलं होतंस? मी म्हणालो, आजीने मला नेलं होतं तसंच, माणसाने कसं वागावं ते शिकवायला. तिचं समाधान झालं. माझं झालं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. घडी करून शिट्टीच्या खिशात ठेवीन. तिला शिकवायला वगैरे काही नेलं नव्हतं, आई. त्या दारात एकट्याने जायची मला भीती वाटत होती. आणि कोयनेहून परतलो त्या संध्याकाळी तू कुणाचीही हात-तोंडं धुतली नव्हतीस.